परसबागेतला तीन ग्रॅमचा पाहुणा

अमेरिकेत मुलाकडे किंवा मुलीकडे उन्हाळ्याचे चार-सहा महिने राहायला गेलेल्या आईवडिलांना तिथल्या निवांत दुपारी ज्या नव्या गोष्टी भेटतात, त्यांत हमिंगबर्ड हा पक्षी बहुधा असतोच. न्यू जर्सीतल्या एखाद्या घराच्या मागच्या डेकवर चहाचा कप घेऊन बसावे, तर कानाशी भुंगा गुणगुणल्यासारखा आवाज येतो. मान वळवून पाहावे, तो अंगठ्याएवढा एक हिरवा जीव कुंडीतल्या लाल फुलासमोर हवेत जागच्या जागी उभा असतो. क्षणभर थांबतो, सरळ मागे सरकतो, शेजारच्या फुलाकडे वळतो आणि पापणी लवते न लवते तोच नाहीसा होतो. पुढे मायदेशी परतल्यावर पुण्या-मुंबईच्या गॅलरीत जास्वंदीवर शिंजीर दिसला, की प्रश्न पडतो, ‘हा तोच का?’

हा तो नव्हे. भारतात निसर्गात एकही हमिंगबर्ड आढळत नाही. आशिया, आफ्रिका, युरोप आणि ऑस्ट्रेलिया या चारही खंडांत तो नाही. उत्तरेला अलास्कापासून दक्षिणेला तिएरा देल फुएगोपर्यंत पसरलेले अमेरिका खंड, एवढेच त्याचे जग. त्या जगात मात्र त्याच्या साडेतीनशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांपैकी काही चक्क माणसाच्या अंगणात, खिडकीपासून हातभर अंतरावर येऊन खातात. इतक्या जवळून, इतक्या सहज पाहता येणारा वन्य पक्षी विरळाच. पण हे जवळ येणे त्याच्यासाठी वाटते तितके साधे नाही. ज्याच्या जगण्याचा हिशेब तासातासाने जुळवावा लागतो, त्याच्या ताटात आपण काय वाढतो, याला फार महत्त्व असते. म्हणूनच हमिंगबर्ड पाहण्याचा छंद लावून घेणाऱ्याने आधी त्याचे जगणे समजून घ्यावे.

शिंजीर नव्हे, पाकोळीचा नातलग

शिंजीर, म्हणजेच सूर्यपक्षी, आणि हमिंगबर्ड यांच्यात वरवर पाहता पुष्कळ साम्य आहे. दोघेही चिमुकले, दोघांचीही चोच लांब व बारीक, दोघांच्याही नरांची पिसे उन्हात धातूसारखी झळकतात आणि दोघेही फुलांतल्या मकरंदावर जगतात. तरीही ही दोन घराणी अगदी वेगळी. शिंजीर हा चिमणी-बुलबुलांच्या गोतावळ्यातला, गाणाऱ्या पक्ष्यांपैकी. हमिंगबर्डचे सर्वांत जवळचे नातलग म्हणजे पाकोळ्या. जुन्या इमारतींच्या छतांखाली घरटी करून संध्याकाळी आकाशात भिरभिरणाऱ्या त्याच पाकोळ्या! हाताची हाडे आखूड आणि पंजाची हाडे लांब, ही पंखांची ठेवण या दोन्ही कुळांत सारखी आहे. एकाच प्रकारच्या अन्नामुळे दूरच्या दोन घराण्यांना सारखे रूप यावे, याचे शिंजीर व हमिंगबर्ड हे उत्तम उदाहरण होय.

ओळखण्याची खूणही सोपी आहे. शिंजीर शक्यतो फांदीवर किंवा देठावर बसून मकरंद पितो. हवेत थांबलाच तर क्षणभर. हमिंगबर्ड मात्र हवेत स्थिर राहूनच पितो. भारतात अनेकदा ‘आमच्या बागेत हमिंगबर्ड आला’ म्हणून जे छायाचित्र दाखवले जाते, त्यात एक तर शिंजीर असतो, नाही तर फुलासमोर स्थिर उडणारा हॉकमॉथ जातीचा पतंग.

आज हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत असला, तरी त्याचे पूर्वज तिथलेच होते असे मात्र नाही. जर्मनीत सापडलेल्या सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांत लांब चोचीचा, हवेत थांबू शकेल अशा पंखांचा पक्षी आढळला. २००४ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले, तेव्हा पक्षीशास्त्रज्ञही चकित झाले होते.

पंखांचे गणित

अमेरिकेच्या पूर्व भागात, म्हणजे मिसिसिपी नदीच्या पूर्वेला, वीण करणारी हमिंगबर्डची जात एकच : रूबी थ्रोटेड हमिंगबर्ड. माणकासारखा लाल गळा असलेला तो नर. मादीचा गळा पांढुरका असतो. या पक्ष्याचे वजन साधारण तीन ग्रॅम भरते, आणि लांबी सात ते नऊ सेंटिमीटर. क्यूबातला बी हमिंगबर्ड त्याहूनही लहान. त्याचे वजन दोन ग्रॅमच्या आसपास असून तो जगातला सर्वांत लहान पक्षी मानला जातो. दुसऱ्या टोकाला, अँडीज पर्वतातला जायंट हमिंगबर्ड सुमारे वीस ग्रॅमचा आहे.

रूबी थ्रोटेड पक्षी एका सेकंदात सुमारे पन्नास वेळा पंख मारतो. ‘हमिंग’ म्हणजे गुणगुणणे हे नाव त्या पंखांच्या आवाजावरूनच आले. इतर पक्ष्यांना उचल मिळते ती मुख्यतः पंख खाली मारताना. हमिंगबर्डचा पंख मात्र खांद्यातून फिरतो आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखी आडवी रेघ काढतो. त्यामुळे पंख मागे नेतानाही त्याला उचल मिळते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांनुसार एकूण उचलीपैकी सुमारे पंचाहत्तर टक्के पहिल्या फटक्यातून आणि पंचवीस टक्के परतीच्या फटक्यातून येते. याच रचनेमुळे तो हवेत स्थिर राहतो आणि मागेही उडतो.

त्याच्या जिभेबद्दलचा समज तर अगदी अलीकडे बदलला. बारीक नळीत पाणी आपोआप चढते, तसा मकरंद त्याच्या जिभेत चढत असावा, असे दीडशेहून अधिक वर्षे मानले जात होते. अतिवेगवान कॅमेऱ्यांनी केलेल्या चित्रणातून २०११ आणि २०१५ मध्ये वेगळेच दिसले. जिभेचे टोक दुभंगलेले असते. मकरंदात शिरताच त्याच्या कडांच्या झालरी उलगडतात, बाहेर येताना मिटतात आणि मकरंद पकडून ठेवतात. चोचीत चपटी झालेली जीभ फुलात जाऊन पुन्हा फुगते आणि पंपासारखी मकरंद ओढते.

गोडाची चव हेही एक नवलच. पक्ष्यांच्या पूर्वजांनी गोड चव ओळखणारे एक जनुक गमावले आहे. २०१४ मधील संशोधनात असे आढळले, की हमिंगबर्डच्या घराण्यात एरवी मांसाहारी, खमंग चव ओळखणारी यंत्रणाच बदलत जाऊन साखर ओळखू लागली. ज्याचे अन्नच साखर, त्याच्या जिभेने अशी सोय करून घेतली.

एका रात्रीपुरती शिदोरी

एवढ्या हालचालीला इंधनही तेवढेच लागते. उडताना हमिंगबर्डचे हृदय मिनिटाला हजाराहून अधिक वेळा धडधडते. दिवसभरात तो शेकडो फुलांना भेट देतो आणि कित्येकदा स्वतःच्या वजनाहून अधिक मकरंद पितो. केवळ मकरंदावर मात्र त्याचे भागत नाही. प्रथिनांसाठी तो चिलटे, बारीक माश्या आणि कोळी पकडतो. पिलांना तर कीटकांचा चारा लागतोच.

रात्री खाणे बंद होते आणि खरा प्रश्न उभा राहतो. तीन ग्रॅमच्या शरीरात चरबी साठणार किती? थंड रात्री शरीराची ऊब टिकवत बसला, तर सकाळपर्यंत साठा संपायचा. यावर त्याचा उपाय म्हणजे रोजची छोटी शीतनिद्रा. शरीराचे तापमान तो झपाट्याने खाली आणतो, हृदयाचे ठोके मिनिटाला पन्नासच्या आसपास येतात, श्वास जवळजवळ जाणवत नाही. पेरूच्या अँडीजमध्ये केलेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ब्लॅक मेटलटेल या जातीच्या एका पक्ष्याच्या शरीराचे तापमान रात्री ३.३ अंश सेल्सियसपर्यंत उतरल्याची नोंद झाली. पहाटे तो स्नायू थरथरवून शरीर तापवतो आणि पुन्हा उडू लागतो.

गार सकाळी खाद्यपात्राला उलटा लटकलेला, मेल्यासारखा दिसणारा हमिंगबर्ड पाहून अनेक जण घाबरतात. बऱ्याचदा तो जिवंत असतो, झोपेतून उठलेला नसतो इतकेच. त्याला हात न लावता तसेच राहू द्यावे. ऊन चढल्यावर तो आपला आपण सावरतो.

दिवसाच्या या धावपळीत स्मरणशक्तीही कामी येते. कोणत्या फुलातला मकरंद संपवला आणि ते पुन्हा केव्हा भरेल, हे त्याला ठाऊक असावे लागते. कॅनडातल्या रॉकी पर्वतात रूफस जातीच्या रानातल्या हमिंगबर्डसमोर कृत्रिम फुले ठेवून प्रयोग करण्यात आला. काही फुले दहा मिनिटांनी, तर काही वीस मिनिटांनी पुन्हा भरली जात. पक्षी त्या-त्या वेळेच्या सुमारास नेमके परतू लागले. २००६ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बागेतले खाद्यपात्र गेल्या वर्षी जिथे टांगले होते, नेमक्या त्याच रिकाम्या जागेसमोर एप्रिलमध्ये एखादा पक्षी येऊन घोटाळतो, असा अनुभव बागवाले सांगतात. पायात चिमुकले वळे घातलेले पक्षी वर्षानुवर्षे त्याच परिसरात परतल्याच्या नोंदीही आहेत. असाच एक रूबी थ्रोटेड पक्षी नऊ वर्षांहून अधिक जगल्याचे आढळले आहे.

बागेतले वर्ष

न्यू जर्सीच्या परिसरात हे पाहुणे एप्रिलच्या उत्तरार्धात येऊ लागतात. नर आधी पोहोचतात, माद्या थोड्या मागाहून. हिवाळा त्यांनी दक्षिण मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत काढलेला असतो. वाटेत मेक्सिकोचे आखात आडवे येते. काही पक्षी किनाऱ्याने वळसा घालतात, तर अनेक जण सुमारे आठशे किलोमीटरचे पाणी एका दमात ओलांडतात. ना बसायला फांदी, ना चोच बुडवायला फूल. त्यासाठी निघण्यापूर्वी ते खाऊन खाऊन आपले वजन जवळजवळ दुप्पट करतात.

वीण मे ते जुलैच्या काळात होते. घरटे बांधणे, अंडी उबवणे, पिले वाढवणे ही सारी कामे एकट्या मादीची. अर्ध्या अक्रोडाएवढे ते घरटे असते. मऊ तंतू कोळ्याच्या जाळ्याने विणून वरून दगडफुलासारख्या शैवाकांचे तुकडे चिकटवलेले असल्याने ते फांदीवरची गाठच वाटते. कोळ्याचा धागा ताणला जातो, म्हणून पिले वाढतील तसे घरटेही सैल होते. अंडी दोनच, पांढरी, वाटाण्याहून थोडी मोठी. सुमारे दोन आठवड्यांनी ती उबतात आणि त्यानंतर साधारण तीन आठवड्यांनी पिले उडू लागतात. पत्र्याखालची सगळी जळमटे झाडून काढण्याची आपली सवय तिथे थोडी आवरलेली बरी, कारण घरट्याचे सामान त्यांतूनच जाते.

ऑगस्टमध्ये नर दक्षिणेकडे निघू लागतात. सप्टेंबरमध्ये दिसतात त्या बहुतेक माद्या आणि त्या वर्षीची पिले. बागेत सर्वाधिक वर्दळ असते ती याच दिवसांत. ‘खाद्यपात्र टांगून ठेवले, तर पक्षी स्थलांतर करायचेच विसरतील’ अशी भीती अनेकांना वाटते. ती खोटी आहे. निघण्याची वेळ त्यांना कळते ती लहान होत जाणाऱ्या दिवसावरून. उलट शेवटचा पक्षी दिसल्यानंतर दोन आठवडे पात्र ठेवले, तर उत्तरेकडून उशिरा येणाऱ्या एखाद्या वाटसरूला त्याचा आधार होतो.

शोभेकडून सोबतीकडे

माणसाचे आणि या पक्ष्याचे नाते नेहमीच असे प्रेमाचे नव्हते. मेक्सिकोतील अ‍ॅझ्टेक लोकांच्या युद्धदेवतेच्या, विट्झिलोपोच्टलीच्या, नावातच हमिंगबर्ड आहे. पेरूतल्या नाझ्का वाळवंटात जमिनीवर कोरलेली या पक्ष्याची आकृती नव्वद मीटरहून लांब आहे. परंतु एकोणिसाव्या शतकातील युरोपात तो मौल्यवान ठरला तो मेलेला. बायकांच्या टोप्या सजवण्यासाठी त्याची कातडी लंडनच्या लिलावांत हजारोंनी विकली जात.

हिमालयातील पक्ष्यांवरील चित्रग्रंथामुळे भारतीय पक्षीप्रेमींना परिचित असलेला इंग्रज पक्षीतज्ज्ञ जॉन गूल्ड याने १८५१ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पेंढा भरलेल्या हमिंगबर्डचे प्रदर्शन मांडले. ते पाहायला राणी व्हिक्टोरियासह हजारो लोक आले. गंमत अशी, की तोवर खुद्द गूल्डने जिवंत हमिंगबर्ड पाहिलेला नव्हता. तो योग त्याला १८५७ मध्ये अमेरिकेत गेल्यावर आला.

१९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्याने अमेरिकेत हा पक्षी पकडणे, मारणे, त्याचे घरटे वा पीसही बाळगणे बेकायदा ठरले. १९३० च्या दशकात मॅसेच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील हॅरॉल्ड एजर्टन यांनी क्षणार्धात लखलखणाऱ्या दिव्यांच्या साह्याने त्याची छायाचित्रे घेतली आणि डोळ्यांना केवळ धूसर दिसणारा पंख पहिल्यांदा स्थिर दिसला. त्याच सुमारास काही हौशी मंडळी काचेच्या नळ्यांतून साखरपाणी ठेवू लागली होती. १९५० नंतर अशी पात्रे बाजारात मिळू लागली आणि मग घरोघरी पोहोचली.

साखरपाणी : काय करावे, काय टाळावे

या पात्रात भरायचे पाणी कोणत्याही स्वयंपाकघरात होते. एक वाटी साधी पांढरी साखर आणि चार वाट्या पाणी. साखर पूर्ण विरघळवावी, मिश्रण गार करावे आणि मगच भरावे. उरलेले आठवडाभर फ्रिजमध्ये टिकते. एकास चार हे प्रमाण हमिंगबर्डच्या आवडत्या फुलांतील मकरंदाच्या जवळचे आहे. ‘बिचाऱ्याला जास्त गोड मिळू दे’ म्हणून पाक घट्ट करू नये.

चांगुलपणाने केलेल्या चुकाच इथे अधिक. मध नैसर्गिक म्हणून तो पाण्यात घालावासा वाटतो. पण पाण्यातला मध लवकर आंबतो आणि त्यावर बुरशी वाढते. गूळ, ब्राऊन शुगर किंवा काकवी यांतील लोह व इतर क्षार या पक्ष्याला सोसणारे नाहीत. साखरेऐवजी वापरण्याच्या गोळ्यांत ऊर्जाच नसते. त्या पाण्याने पोट भरेल, पण जीव जगणार नाही. लाल रंग मिसळण्याचीही गरज नाही. फुलातला मकरंद रंगहीनच असतो आणि पक्ष्याला बोलावण्यासाठी पात्राचा लाल भाग पुरेसा आहे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट स्वच्छता. ऐन उन्हाळ्यात दर दोन दिवसांनी, हवा गार असेल तेव्हा चार-पाच दिवसांनी पाणी बदलावे. बदलताना पात्र गरम पाण्याने आणि ब्रशने घासून धुवावे. पाणी गढूळ दिसले किंवा आत काळे डाग पडले, तर एक दिवसही थांबू नये. एवढे जमणार नसेल, तर पात्र न टांगणेच बरे. मोठे पात्र अर्धवट भरलेले ठेवण्यापेक्षा लहान पात्र वेळच्या वेळी भरावे.

एकच पात्र असेल, तर एखादा दांडगा नर शेजारच्या फांदीवर पहारा देत बसतो आणि इतरांना हुसकावतो. एकमेकांपासून न दिसणाऱ्या दोन ठिकाणी दोन पात्रे टांगली, की बाकीच्यांचेही पोट भरते. मुंग्यांसाठी पात्राच्या वर पाण्याची छोटी वाटी अडकवण्याची सोय असते. तारेला तेल किंवा ग्रीस फासू नये, ते पिसांना चिकटते.

आधी फुले, मग बाटली

साखरपाणी हा जोडआहार आहे, जेवण नव्हे. ते देणाऱ्याला सुट्टीवर जायचे असले, तरी पक्ष्याला दुसरीकडे फुले मिळायला हवीत. पूर्व अमेरिकेत त्यासाठी तिथलीच झाडे लावण्याचा सल्ला दिला जातो. ट्रम्पेट व्हाइन, कोरल हनीसकल, बी बाम आणि कार्डिनल फ्लॉवर ही त्यांतली प्रमुख. ओलसर जागी ज्वेलवीड उगवते. ते तर आपल्या तेरड्याचे भावंड. त्याचा बहर नेमका ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, म्हणजे प्रवासापूर्वी वजन वाढवण्याच्या दिवसांत येतो. लाल, नळीसारखे, फारसा वास नसलेले फूल ही हमिंगबर्डच्या फुलांची सर्वसाधारण ओळख. तरीही त्याला केवळ लालच दिसते असे मुळीच नाही. माणसाला न दिसणारे अतिनील किरण मिसळलेले रंगही तो वेगळे ओळखतो, हे कोलोरॅडोतील प्रयोगांतून २०२० मध्ये सिद्ध झाले.

फुलांइतकेच महत्त्व बागेतल्या किड्यांना. कीटकनाशक फवारले, की पिलांचा चाराच जातो. चार पाने कुरतडलेली दिसली तरी चालतील, असे ठरवणाऱ्याच्या बागेत हमिंगबर्ड अधिक रमतो.

काच, गॅरेज आणि मांजर

बागेतले अपघात बहुधा घराशी जोडलेले असतात. खिडकीच्या काचेत आभाळ आणि झाडे उमटतात आणि पक्षी त्यांतच झेपावतो. अमेरिकेत इमारतींवर आदळून दरवर्षी ३६.५ कोटी ते सुमारे १०० कोटी पक्षी मरत असावेत, असा अंदाज २०१४ मध्ये शास्त्रज्ञांनी मांडला. विशेष धोका असलेल्या जातींत रूबी थ्रोटेडचा समावेश होता. काचेच्या बाहेरच्या बाजूने दोन-दोन इंचांवर ठिपके चिकटवले, तर पक्ष्याला अडथळा कळतो. पात्र काचेपासून तीन फुटांच्या आत टांगावे. म्हणजे पक्षी आदळलाच, तरी वेग फार नसतो.

उघड्या गॅरेजमध्येही हे पक्षी अडकतात. दरवाजाच्या यंत्राला लोंबणारी लाल मूठ त्यांना फूल वाटते. आत शिरल्यावर ते वरच्या दिशेने उडत राहतात आणि दार उघडे असूनही त्यांना वाट सापडत नाही. त्या मुठीला काळी पट्टी गुंडाळली, की प्रश्न मिटतो. मांजर घरात ठेवावे, हे सांगायला नकोच.

माणसाच्या अंगणातला बदल

एका बागेतल्या एका बाटलीने काय होणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. याचे उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर मिळते. अ‍ॅनाज हमिंगबर्ड ही जात विसाव्या शतकाच्या आरंभी बाहा कॅलिफोर्निया आणि कॅलिफोर्नियाच्या दक्षिण भागात वीण करीत असे. बागांत आलेली निलगिरीसारखी परदेशी झाडे आणि साखरपाण्याची पात्रे यांच्या आधाराने ती उत्तरेकडे सरकत गेली. आता ती कॅनडातील ब्रिटिश कोलंबियात ऐन हिवाळ्यातही दिसते. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, पात्रांचा वापर वाढला त्या काळात या पक्ष्यांची चोचही अधिक लांब आणि निमुळती होत गेली. माणसाच्या अंगणातल्या बाटलीने पक्ष्याचा नकाशा बदलला आणि त्याच्या शरीरावरही खूण उमटवली!

पण सगळ्यांचे भाग्य असे नाही. मेक्सिकोपासून अलास्कापर्यंत हजारो किलोमीटरचा प्रवास करणारी रूफस ही जात सातत्याने घटत आहे. २०१८ मध्ये तिची नोंद ‘संकटाच्या उंबरठ्यावर’ या वर्गात करण्यात आली. १९७० पासून उत्तर अमेरिकेतले सुमारे तीनशे कोटी पक्षी कमी झाल्याचा अंदाज २०१९ मध्ये जाहीर झाला आहे. अशा काळात विषारी फवारे नसलेली, फुलांनी भरलेली बाग ही या प्रवाशांसाठी वाटेवरची धर्मशाळा ठरू शकते.

पाहावे कसे?

या पक्ष्यासाठी महागडी दुर्बीण लागत नाही, लागतो तो संयम. सकाळी लवकर आणि संध्याकाळी अंधारण्यापूर्वी त्याची खाण्याची घाई असते, तेव्हा बसावे. नराचा गळा एका बाजूने काळा दिसेल. उन्हाच्या दिशेने मान वळली, की तोच निखाऱ्यासारखा पेटेल. तो लाल रंग पिसांत नसतो, पिसांच्या सूक्ष्म थरांवरून परतणाऱ्या प्रकाशाचा तो खेळ असतो. फुलासमोर दिसेनासा झालेला पक्षी बऱ्याचदा जवळच्याच उघड्या काटकीवर बसलेला असतो. दिवसाचा पुष्कळ वेळ तो असाच बसून काढतो. पहिला पक्षी कधी आला, शेवटचा कधी दिसला, कोणत्या फुलावर किती वेळ थांबला, याची वही ठेवावी. ईबर्डसारख्या संकेतस्थळावर अशा नोंदी देता येतात आणि त्या अभ्यासकांच्या उपयोगी पडतात.

मायदेशी परतणाऱ्यांना हा छंद सोडून द्यावा लागत नाही. पुण्यात जानेवारीत कुंपणांवर केशरी बहर ओतणारी संक्रांतवेल मूळची दक्षिण अमेरिकेतली, लाल नळ्यांचे झुबके लटकवणारी रसेलिया मेक्सिकोतली, तर सोसायट्यांच्या बागांत सर्रास लावलेला हॅमेलिया फ्लोरिडापासून अर्जेंटिनापर्यंतचा. तिकडे या फुलांवर हमिंगबर्ड येतात. समुद्र ओलांडून झाडे आली, पक्षी आले नाहीत. पण त्याच फुलांवर आपल्याकडे शिंजीर येतो. त्याच्यासाठी साखरपाण्याची बाटली टांगण्याची गरज नाही. गॅलरीत एक हॅमेलिया लावावा, फवारणी टाळावी आणि सकाळचा चहा तिथे घ्यावा.